कच्च्या टाक्यांचा फूटपाथ

"सहा इंच लिहिलंस?" अण्णांनी विचारलं.

"लिहिलं."

"आकड्यात की अक्षरात?"

"दोन्हीत."

"हां. नुसता आकडा लिहिला की तिथं कुणीही त्याला शेपूट जोडतं."

सोमवारची सकाळ होती. दुकान उघडायला अजून अवकाश होता. अण्णा कापायच्या टेबलाशी उभे राहून एका कोटाच्या बाहीतले कच्चे टाके सुईच्या टोकाने उसवत होते, आणि त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून मी त्यांचा अर्ज लिहीत होते. त्यांच्या गळ्यात टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. अण्णा सातवी शिकलेले, मी त्यांची मुलगी, कॉलेजात ग्रंथपाल. त्यामुळे माळवदे टेलर्स आणि महानगरपालिका यांच्यातला सगळा पत्रव्यवहार माझ्या अक्षरात होत असे.

विषय एकच होता. आमच्या दुकानापासून जुन्या दवाखान्यापर्यंतचा फूटपाथ. गटारावर बांधलेला, चौदा इंच उंच, आणि प्रत्येक घराच्या फाटकाशी तोडलेला. दवाखान्यापर्यंत जायचं तर नऊ वेळा चढायचं आणि नऊ वेळा उतरायचं. त्यामुळे त्यावरून कोणी चालतच नसे. दवाखान्यात जाणारे म्हातारे-कोतारे रस्त्याच्या कडेने, रिक्षा-टेम्पोंपासून अंग चोरत जात. दोन वर्षांपूर्वी इनामदार बाई अशाच जाताना स्कूटरचा धक्का लागून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. बाईंनी मला चौथीत शिकवलं होतं. त्यांची पोलकी अण्णा तीस वर्षं शिवत होते. मोडलेल्या हातासाठी पोलक्याची बाही उसवून द्यायचं काम आलं, त्याच आठवड्यात अण्णांनी मला पहिला अर्ज लिहायला बसवलं.

सातव्या अर्जाला उत्तर आलं. नवा फूटपाथ मंजूर झाला होता. फक्त ठेकेदार तो जुन्याच उंचीचा बांधणार होता.

"आता उंचीचं तेवढं राहिलं," अण्णा म्हणाले होते. जणू सदरा तयार होता आणि बटणं लावायची राहिली होती.

म्हणून त्यांनी मापं घेतली. दुकानात जमिनीवर कापड पसरलेलं असे, त्यामुळे चपला बाहेर काढायचा नियम जुनाच होता. गिऱ्हाईक आत आलं की अण्णा फॅशनच्या जुन्या पुस्तकांची चळत भिंतीशी मांडत आणि म्हणत, "जरा वर चढून दाखवा." चढलं की आणखी एक पुस्तक. ज्या पुस्तकाला माणसाचा हात आपोआप भिंतीकडे जाई, तिथे थांबायचं, टेपने उंची मोजायची आणि मापाच्या वहीत छाती, कंबर, बाहीच्या खाली लिहायचं : पाय.

"अण्णा, माझी विजार शिवताय का मला गडावर पाठवताय?" ढोबळेकाकांनी विचारलं होतं. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. अजूनही गल्लीत कुणाशी बोलताना मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलत.

अशी त्रेसष्ट माणसं मोजून झाली होती.

"सगळ्यांची सरासरी काढू या का?" मी विचारलं होतं.

"सरासरी मापाचा सदरा कुणालाच बसत नाही, रजू. वेगवेगळे शिवता येत असते तर वेगवेगळे शिवले असते. एकच शिवायचाय, तर ज्याचा पाय सगळ्यात कमी उचलतो त्याचं माप धरायचं."

ते माप इनामदार बाईंचं निघालं. सहा इंच.

"झालं?" मी पेनाचं टोपण लावत विचारलं.

"थांब. आता मुख्य लिही. पक्कं काम करण्याआधी विटा आणि फरश्या नुसत्या मांडून कच्चा फूटपाथ तयार करावा आणि त्यावरून लोकांना एक दिवस चालवून बघावं. म्हणजे ट्रायल."

मी लिहिलं नाही. "अण्णा, हे नको."

"का?"

"हसतील."

"हसू देत. ट्रायलला आरशात स्वतःला बघून गिऱ्हाईक हसतंच."

"अहो, फूटपाथ म्हणजे कोट नाही. तुम्ही त्रेसष्ट लोकांची मापं घेतलीत, एवढी मेहनत केलीत. या एका वाक्याने सगळ्याची चेष्टा होईल."

त्यांनी बाही टेबलावर ठेवली. उसवलेला पांढरा दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले, "माझं माप चुकलं तर? चाळीस वर्षं शिवतोय म्हणून चुकत नाही असं आहे का? ट्रायल गिऱ्हाइकासाठी नसते. टेलरचं कुठं चुकलंय ते कळायला असते. लिही."

मी लिहिलं. त्यांनी सही केली, प्रत्येक अक्षर सुटं.

दुपारच्या सुट्टीत मी प्रभाग कार्यालयात गेले. आवक खिडकीला सहा-सात जणांची रांग होती. खिडकीच्या आत तोरणे मॅडम बसत. मधल्या वयाच्या, शांत, चष्म्याला दोरी. आलेल्या कागदाकडे आधी पूर्ण बघायच्या आणि मग शिक्का मारायच्या, म्हणून त्यांची रांग नेहमी हळू सरके. माझ्यापुढे दोघं उरले असताना बाकावर बसलेल्या शिपायाने मला ओळखलं.

"आला का टेलरचा अर्ज? चला रे, साहेबांचं माप घ्यायचंय, टेप काढा."

बाकावरचे दोघं-तिघं हसले. वाईट हसू नव्हतं ते. कंटाळलेल्या दुपारचं होतं. पण माझ्या हातातल्या कागदावर ते शेवटचं वाक्य होतं, आणि आता हा माणूस ते मोठ्याने वाचणार असं मला दिसलं. मी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि रांगेतून बाहेर पडले. उद्या येऊ, शिपाई नसताना. किंवा ते वाक्य गाळून पुन्हा लिहू. असं काहीतरी मनात होतं.

संध्याकाळी जेवताना अण्णांनी विचारलं, "दिलास?"

"दिला."

"पोच?"

"कॉलेजच्या ड्रॉवरमध्ये राहिली. उद्या आणते."

"आण. फाईलला लावू." त्यांनी भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली. आई गेल्यापासून शेवटची भाकरी ते असेच वाटत. "ट्रायलचं वाचलं का त्यांनी?"

"वाचलं."

"हसले?"

"नाही."

"बघ," अण्णा म्हणाले, आणि आमटी भुरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्यांनी दुकानाचं शटर कमरेइतकं वर केलं आणि तिथेच पायरीवर बसले. समोरच्या किराणावाल्याला वाटलं, किल्ली खाली पडली असेल. मागच्या घरातून मी चहा घेऊन आले तेव्हा टेप गळ्यातच होता. जुना दवाखाना तीन मिनिटांवर. डॉक्टर म्हणाले, तीन मिनिटांनी काही फरक पडला नसता.

तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. मग पांगली. पर्स खुंटीवर होती आणि अर्ज पर्समध्ये.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर चुन्याच्या रेघा उमटल्या. जुना फूटपाथ फोडून झाला, खडीचे ढीग आले. ढोबळेकाका ठेकेदाराच्या मुकादमाला उंची विचारून आले आणि तडक प्रभाग कार्यालयात गेले. तिथून आले ते आमच्याच दुकानात. शटर बंद होतं, म्हणून मागच्या दाराने.

"असा अर्ज आलाच नाही म्हणतात," ते म्हणाले. "मी त्या बाईला विचारलं, मॅडम, सोमवारी आलेला अर्ज. म्हणे, नोंद नाही. म्हटलं, माणूस गेला आमचा, निदान त्याचा कागद तरी सांभाळायचा. तिथल्या तिथं वरच्या साहेबांना लेखी तक्रार ठोकली. आजच बाईला नोटीस काढतो म्हणाले. निघू दे. रजू, पोच असेल ना तुझ्याकडं? ती काढून ठेव. तोंडावर मारतो त्यांच्या."

"शोधते," मी म्हटलं.

"शोध. अण्णांचा शेवटचा कागद आहे तो."

ते गेल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. इतकी पुस्तकं वाचली होती. त्यांतल्या खोटं बोलणाऱ्या माणसांविषयी मी विद्यार्थ्यांशी तासन्‌तास बोलू शकत असे.

शुक्रवारी कॉलेजला रजा टाकली आणि दहा वाजता खिडकीशी गेले. रांग नव्हती. तोरणे मॅडमनी कागद घेतला, नेहमीसारखा पूर्ण वाचला. शेवटच्या परिच्छेदाशी त्यांची नजर जराशी थांबली.

"तारीख जुनी आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"शिक्का आजचाच पडेल."

"आजचाच मारा."

त्यांनी शिक्का मारला. पोच माझ्यापुढे सरकवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्या सोमवारी तुम्ही रांगेत होता. निळी साडी होती."

मी पोचेची घडी घातली. मग विचारलं, "ढोबळेकाकांना सांगितलं का नाहीत?"

"तुमचे वडील नुकतेच गेले होते. आणि त्यांनी विचारलं, अर्ज आला का. आला नाही, एवढंच मी सांगितलं. ते खरं होतं."

त्यांच्या टेबलावर काचेखाली टाईप केलेला कागद होता. 'कारणे दाखवा' हे शब्द उलट्या बाजूनेही वाचता येत होते.

"उत्तर कधी द्यायचंय?"

"सोमवारपर्यंत."

"मॅडम, मी..."

"आधी वर जा," त्या म्हणाल्या. "शिरगुप्पे साहेब आहेत आत्ता. मंगळवारी काँक्रीट पडतंय. ते महत्त्वाचं."

शिरगुप्पे कनिष्ठ अभियंता होते, नोकरीत नवे, टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या आणि एक अर्धवट खाल्लेला वडा. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि सोबत जोडलेली मापांची यादी हातात घेतली. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेले.

"ही कुणी केली?"

"वडिलांनी. टेलर होते."

"त्रेसष्ट माणसं. नावासकट." ते मान हलवत म्हणाले, "आम्ही वाहनं मोजतो हो. पाय कोणी मोजत नाही." मग अर्ज वाचला. मी शिपायाचं हसू आठवत उभी राहिले. ते हसले, पण वेगळं. "ट्रायल. नियमात ट्रायल घ्या असं कुठं नाही."

"मला माहीत आहे."

"घेऊ नका असंही कुठं नाही." त्यांनी वड्याचा कागद चुरगाळून टोपलीत टाकला. "रविवारी सकाळी तुमच्या दुकानासमोर चाळीस फूट मांडून बघू. विटा ठेकेदाराच्या आहेतच. माणसं तुम्ही आणा."

माणसं आणायला मला काही करावं लागलं नाही. ढोबळेकाकांनी गल्लीत एकदा फेरी मारली, तेवढ्याने झालं. रविवारी आठ वाजता दुकानासमोर तीस-पस्तीस जण होते, काठ्या घेऊन, पिशव्या घेऊन. कुणी आंघोळ करून, लग्नाला निघाल्यासारखे. विटांचे दोन आडवे थर आणि वर शहाबादी फरश्या, नुसत्या मांडलेल्या. शिरगुप्प्यांनी स्वतःचा स्टीलचा टेप काढला. मी आतून अण्णांचा आणला. त्यांनी काही न बोलता स्वतःचा खिशात ठेवला आणि अण्णांच्या टेपने मोजलं. बरोबर सहा इंच.

टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीवर तोरणे मॅडम वही घेऊन बसल्या होत्या. निरीक्षणं नीट लिहायला माणूस हवा म्हणून शिरगुप्प्यांनी त्यांना बोलावलं होतं. ढोबळेकाकांनी त्यांच्याकडे बघून तोंड फिरवलं.

"आधी बाई," काका म्हणाले. "माप त्यांचं, मान त्यांचा."

इनामदार बाई पुढे आल्या. पायात रबरी तळाच्या जाड चपला, एका हातात काठी, दुसऱ्यात दवाखान्याची पिशवी. त्यांनी पाय उचलला. चपलेचं टोक फरशीच्या कडेला अडकलं. त्या पुढे झुकल्या आणि मी दंड धरला म्हणून राहिल्या.

"थांबा, पुन्हा," बाई म्हणाल्या. पुन्हा अडकलं.

शिरगुप्प्यांनी यादी बघितली. "यात तर सहा लिहिलंय."

"दुकानात मी चढले होते," बाई म्हणाल्या. "सहज चढले होते. अण्णांनी शाबासकी दिली होती मला."

मी त्यांच्या पायांकडे बघत होते. मग दुकानाच्या दाराकडे बघितलं. दारावरची पाटी अण्णांनीच रंगवलेली होती : चपला बाहेर काढाव्यात.

"अनवाणी," मी म्हटलं. "सगळी मापं अनवाणी घेतली आहेत. आणि रिकाम्या हातांनी. पिशवीसुद्धा ते टेबलावर ठेवायला लावायचे."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या. टेलरचं माप चुकलं." आणि बाई हसल्या, तसे सगळे हसायला लागले. ढोबळेकाका डोळे पुसत हसत होते. मीही हसले. महिनाभरात पहिल्यांदा. ट्रायलला गिऱ्हाईक हसतंच.

गवंड्याने वरचा थर काढला, त्या जागी वाळू पसरली, फरश्या पुन्हा बसवल्या. बाई चढल्या, पण उतरताना कण्हल्या. आणखी थोडी वाळू काढली. तिसऱ्या खेपेला त्या काठी न टेकता वर गेल्या आणि पिशवीसकट खाली आल्या. शिरगुप्प्यांनी गुडघ्यावर बसून मोजलं.

"साडेचार," ते म्हणाले. "आणि फाटकांपाशी तोडायचं नाही. उतार द्यायचा. मॅडम, लिहा."

तोरणे मॅडमनी लिहिलं. त्यानंतर तासभर सगळे नुसते चालत होते. गरज नसलेलेसुद्धा. चाळीस फूट जायचं, वळायचं, परत यायचं. किराणावाल्याने चहा पाजला. एक आजोबा तीनदा गेले आणि शिरगुप्प्यांना म्हणाले, "साहेब, हे एवढंच राहू द्या, पक्कं नाही केलं तरी चालेल." शिरगुप्पे म्हणाले, "आजोबा, मंगळवारपर्यंत धीर धरा."

इनामदार बाई पलीकडच्या टोकाला पोचल्या आणि वळून त्यांनी माझ्याकडे हात वर केला. मोडलेला, थोडा वाकडा राहिलेला हात.

ढोबळेकाका माझ्याजवळ उभे होते. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि भरून आला की तो आणखी चढत असे.

"हे बघायला अण्णा पाहिजे होते," ते म्हणाले. मग खुर्चीकडे वळले. "बघितलंत ना मॅडम? महिन्यापूर्वी अर्ज जागेवर पोचला असता तर बिचाऱ्याला कळलं तरी असतं की ऐकलं कुणीतरी. तुमच्या ऑफिसात माणूस गेला तरी आवक नंबर पडल्याशिवाय गेला म्हणायचं नाही. आणि आता वही घेऊन बसलाय मानाने."

चालणारे थांबले. तोरणे मॅडमनी पेन वहीवर आडवं ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडे, खडीच्या ढिगाकडे बघत राहिल्या.

"काका," मी म्हटलं, "मॅडमना बोलू नका."

"का बोलू नको? पोच सापडली का तुला?"

"पोच नव्हतीच."

मी खुर्चीपाशी गेले. "मॅडम, उद्या उत्तर द्यायचंय ना? नवं पान घ्या. मी सांगते ते लिहा, मी सही करते."

"राहू दे, ताई," त्या हळूच म्हणाल्या. "इथं नको."

"इथंच. लिहा."

त्यांनी पान उलटलं. अण्णा सांगायचे आणि मी लिहायची, तशी मी सांगू लागले. सुरुवात त्यांच्यासारखीच केली, कार्यालयाला शोभेल अशी.

"मी, रजनी दत्तात्रय माळवदे, लिहून देते की माझ्या वडिलांचा अर्ज कार्यालयाने गहाळ केलेला नाही. वडिलांनी तो सोमवारी माझ्या हातात दिला होता. मी रांगेत उभी राहिले आणि न देता परत आले." माझा आवाज पस्तीस माणसं ऐकत होती. इनामदार बाई पलीकडच्या टोकाहून हळूहळू, फरश्यांवरून, माझ्याकडे चालत येत होत्या. "संध्याकाळी त्यांनी विचारलं, दिलास? मी म्हटलं, दिला. त्यांनी विचारलं, हसले का? मी म्हटलं, नाही. मला ट्रायलची लाज वाटली होती. मला त्यांची लाज वाटली होती."

तोरणे मॅडमचं पेन थांबलं.

"लिहा," मी म्हटलं. "वडिलांचं माप दीड इंचाने चुकलं होतं. दीड आकड्यातही लिहा आणि अक्षरातही. बाकी त्यांचं सगळं बरोबर होतं."